‘आर्टरी’ : एका नांवाचा इतिहास

वैद्यकांतील परकी नांवें म्हणजे केवळ पाठ करावयाचीं अक्षरें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु त्यांतील कित्येकांच्या पोटीं एखाद्या जुन्या सिद्धांताचा अवशेष दडलेला असतो. हृदयापासून शरीरभर रक्त नेणाऱ्या धमनीचें ‘आर्टरी’ हें नांव त्यांपैकींच एक होय.

‘आर्टेरिया’ हा शब्द ग्रीक. आणि आरंभीं त्याचा अर्थ होता श्वासनलिका. मग वायूच्या नळीचें नांव रक्ताच्या नळीस मिळालें कसें? मृत्यूनंतर धमन्या आकुंचन पावतात व त्यांतील बहुतेक रक्त नीलांमध्यें जाऊन साठतें. त्यामुळें प्रेत चिरून पाहणारास नीला भरलेल्या व धमन्या रित्या आढळतात. इ. स. पूर्वीच्या ४ थ्या शतकांत कॉस बेटावरील प्राक्सागोरस यानें या दोहोंतील भेद दाखविला. आणि धमन्यांतून रक्त नव्हे, तर ‘न्यूमा’ म्हणजे प्राणरूप वायु वाहतो, असें प्रतिपादिलें.

पण धमनी कापली असतां रक्ताची चिळकांडी उडते, हें तर रणांगणावरील शिपायासहि ठाऊक होतें! पुढील शतकांतील थोर शारीरज्ञ एरासिस्ट्राटस यानें त्यावर उत्तर शोधलें. जखम होतांच कोंडलेला वायु निसटतो, आणि ती रिकामी जागा भरण्यासाठीं नीलांतील रक्त धांव घेतें, असें तो म्हणे. डोळ्यांपुढील विरुद्ध पुरावाहि अशा रीतीनें सिद्धांताच्याच पदरांत पडला!

हा समज सुमारें ४०० वर्षें टिकला. इ. स. च्या २ ऱ्या शतकांत गॅलेन यानें जिवंत जनावराची धमनी दोन ठिकाणीं दोऱ्यानें बांधून मधला भाग चिरला. आतां वायूस निसटावयास वा रक्तास शिरावयास वाटच नव्हती. तरी आंत रक्तच निघालें.

सिद्धांत गेला, नांव मात्र राहिलें. श्वासनलिकेस ग्रीक लोक ‘ट्राखेइया आर्टेरिया’, म्हणजे खडबडीत आर्टेरिया, म्हणत. त्यांतील ‘आर्टेरिया’ हें विशेष्य रक्तवाहिनीनें बळकाविलें, आणि मूळ मालकिणीच्या वांट्यास ‘ट्रेकिया’ हें नुसतें विशेषण उरलें! विल्यम हार्वी यानें १६२८ सालीं लॅटिन ग्रंथांत रक्ताभिसरणाचें प्रतिपादन केलें, तेव्हांहि तें जुनेंच नांव वापरलें. १६६१ सालीं माल्पीगी यानें बेडकाच्या फुप्फुसांत धमन्या व नीला यांस जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या पाहिल्या. लॅटिन ‘कॅपिलस’ म्हणजे केस. त्यावरून त्यांस ‘कॅपिलरी’ हें नांव मिळालें, आणि मराठींत ‘केशवाहिनी’.

ग्रीकांस मात्र आपण हंसूं नये. ‘धमनी’ हा आपला शब्दहि ‘ध्मा’, म्हणजे फुंकणें, या धातूवरून आलेला आहे. लोहाराचा भाता ज्या नळींतून वारा घालतो, तिच्याच जातीचें हें नांव.

प्रेतांत जें दिसलें तें खोटें नव्हतें. त्यावरून जिवंत देहाविषयीं केलेलें अनुमान खोटें होतें. डॉक्टर नाडी पाहतांना धमनीवरच बोटें ठेवतात. त्या बोटांस रक्ताचा ठोका लागतो. नांव मात्र अद्याप वाऱ्याचेंच आहे.