साहित्यात बी.ए. करून काय होतं?



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. एका ताईंनी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. मुलगी बारावी पास झालेली, तिला मराठी साहित्य घेऊन बी.ए. करायचं आहे. आधी सगळ्या गप्प बसल्या. मग एक काकू म्हणाल्या, "नर्सिंग असतं तर लगेच दिलं असतं. गोष्टी-कविता वाचायला कर्ज कशाला? ते फिटणार कसं?" विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. ती मुलगी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

काकूंचा राग मला आला नाही. गटाचा पैसा घामाचा असतो, तो देताना विचारायलाच हवं. मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. केलं, तेव्हा हाच प्रश्न मलाही विचारला गेला होता. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आज देते. पण माझं मत सांगण्यापेक्षा आपल्या आधीच्या चार बायकांनी साहित्य शिकून काय केलं, ते सांगते.

पहिल्या कॉर्नेलिया सोराबजी. जन्म 1866 चा, नाशिकचा. आई पुण्यात शाळा चालवायची. मुंबई विद्यापीठ 1857 साली सुरू झालं, पण तिथं पदवी घेणारी पहिली बाई व्हायला तीस वर्षं लागली. ती पहिली बाई म्हणजे कॉर्नेलिया. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या साहित्य शिकल्या आणि उत्तम गुणांनी पास झाल्या. एवढे गुण मिळवणाऱ्याला विलायतेला शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. त्यांना मिळाली नाही, कारण त्या बाई होत्या.

त्या रडत बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी काही काळ इंग्रजी शिकवलं. पुढे इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईही होत्या. कॉर्नेलिया ऑक्सफर्डला गेल्या, कायदा शिकल्या आणि 1892 साली परीक्षा दिली. पदवी मात्र हातात पडली 1922 साली, कारण 1920 पर्यंत ते विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं. तीस वर्षं! या काळात त्या काय करत होत्या? पडद्यात राहणाऱ्या विधवा आणि पोरक्या मुलांच्या इस्टेटी नातेवाईक गिळायला बसलेले असायचे. त्या बायकांना पुरुष वकिलासमोर येता येत नव्हतं. कॉर्नेलिया त्यांच्या घरी जाऊन त्यांचं ऐकून घ्यायच्या, कागद वाचायच्या, सरकारकडे त्यांची बाजू मांडायच्या. अशा सुमारे सहाशे बायका-मुलांना त्यांनी मदत केली, असं सांगितलं जातं. दुसऱ्याचं दुःख नीट ऐकायचं आणि नेमक्या शब्दांत लिहायचं, हे काम साहित्य शिकलेल्या बाईला जमलं.

दुसऱ्या कुसुमावती देशपांडे. जन्म 1904 चा, अमरावतीचा. त्या नागपूरला आणि मग लंडनला इंग्रजी साहित्य शिकल्या. परत येऊन नागपूरला कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं, कथा लिहिल्या, मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांचा इतिहास लिहिला. पुढे आकाशवाणीवर बायकांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांची जबाबदारी घेतली. आज मी तुमच्याशी रेडिओवरून बोलते आहे, ती वाट अशाच बायकांनी पाडलेली आहे. 1961 साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनात त्या अध्यक्ष झाल्या. संमेलनाची सुरुवात 1878 ची, आणि अध्यक्षपदावर पहिली बाई बसली ती ही.

तिसऱ्या शांता शेळके. जन्म 1922 चा, इंदापूरचा. त्यांची गाणी तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहेत, पण त्यांनी पोटापाण्यासाठी काय केलं ते ऐका. एम.ए. झाल्यावर त्या आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग' साप्ताहिकात नोकरीला लागल्या. पुढे नागपूर आणि मुंबईच्या कॉलेजांत मराठी शिकवलं. चित्रपटांची गाणी लिहिली, त्यातली काही 'डॉ. वसंत अवसरे' या पुरुषी नावानं! वर्तमानपत्रांत सदरं लिहिली, भाषांतरं केली. चार बहिणींची एक अमेरिकन कादंबरी त्यांनी मराठीत आणली, 'चौघीजणी' नावानं. तालुक्याच्या वाचनालयात मागून बघा. चित्रपट तपासणाऱ्या सेन्सॉर बोर्डावरही त्या होत्या. 1996 साली आळंदीच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. एकाच शिक्षणावर किती कामं झाली, मोजा.

चौथ्या सरोजिनी बाबर. या तर आपल्यातल्याच. 1920 साली जन्मलेल्या, सांगली जिल्ह्यातल्या बागणी गावच्या. त्या मराठी साहित्य शिकल्या, पीएच.डी. केली. आमदार झाल्या, खासदारही झाल्या. पण त्यांचं सगळ्यांत मोठं काम वेगळंच आहे.

पहाटे जात्यावर दळताना बायका ओव्या म्हणायच्या. माहेरची आठवण, सासूचा जाच, भावाची वाट, विठ्ठलाशी भांडण, सगळं त्यात असायचं. लिहायला-वाचायला येत नव्हतं, म्हणून हे साहित्य कुठं लिहिलेलं नव्हतं. मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात पडली. जात्याबरोबर ओव्याही जाणार, हे सरोजिनीबाईंनी ओळखलं. त्या लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी ओव्या, उखाणे, पाळणे, सणांची गाणी, कहाण्या, म्हणी गोळा करवून घेतल्या आणि त्यांची पुस्तकं छापली. वडिलांनी सुरू केलेल्या 'समाज शिक्षण माला'तून सोप्या भाषेतल्या शेकडो पुस्तिका काढल्या. शांताबाई आणि सरोजिनीबाई या दोघी दूरदर्शनवर 'रानजाई' हा लोकगीतांचा कार्यक्रमही करायच्या.

पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी हेच काम हाती घेतलं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता त्यांचं रेकॉर्डिंग, लिहून काढणं, भाषांतर, असं पुष्कळ काम झालं आणि चालूही आहे.

मैत्रिणींनो, याचा अर्थ बघा. तुमच्या-माझ्या आजीनं जात्यावर जे म्हटलं, ते आज कॉलेजात लोकसाहित्य म्हणून शिकवलं जातं. "गोष्टी-कविता कशाला" असं ज्या काकू म्हणाल्या, त्यांना स्वतःला शंभर ओव्या तरी तोंडपाठ आहेत!

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. या चौघींची गोष्ट नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. नुसत्या पदवीवर कुणाचंच भागलं नाही. कॉर्नेलियांनी साहित्याला कायदा जोडला. कुसुमावतींनी शिकवणं आणि रेडिओ जोडला. शांताबाईंनी वर्तमानपत्र, भाषांतर, गाणी जोडली. सरोजिनीबाईंनी गावोगावचं संकलन आणि समाजकारण जोडलं. साहित्य म्हणजे दूध. त्याला विरजण लावलं तर दही, ताक, लोणी सगळं मिळतं. तसंच ठेवलं तर नासतं.

आजचंही तेच आहे. बी.ए.नंतर बी.एड. केलं तर शिक्षिका होता येतं. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. स्पर्धा परीक्षांना कोणतीही पदवी चालते, आणि यूपीएससीला तर मराठी साहित्य हा विषयही घेता येतो. कायदा शिकता येतो, पत्रकारिता शिकता येते. इंग्रजी किंवा हिंदी चांगली असेल तर भाषांतराचं काम मिळतं. खोटं सांगणार नाही, जागा थोड्या आणि उमेदवार फार. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे हालही मी पाहिले आहेत. म्हणून डोळे उघडे ठेवून जायचं.

तेव्हा पुढच्या बैठकीत त्या मुलीला दाराशी उभं ठेवू नका. आत बोलवा, सतरंजीवर बसवा आणि तीन प्रश्न विचारा. साहित्याला तू काय जोडणार? इंग्रजी किंवा टायपिंग यातलं काय सोबत शिकणार? आणि तीन वर्षांनी पहिली कोणती परीक्षा देणार? तिनं नीट उत्तरं दिली तर कर्ज द्या, हप्ते ठरवा, आणि इतर कर्जांसारखीच वसुली करा. उत्तरं नसतील तर महिन्याची मुदत द्या, माहिती काढून आण म्हणा.

मात्र एक अट माझ्याकडून घाला. कॉलेजात लोकसाहित्याचा अभ्यास लागला की तिनं पहिली वही काकूंच्या ओव्यांची भरायची. व्याज म्हणून तेवढं चालेल ना काकू?