हौदाचं पाणी

पुण्यात पत्ता सांगण्याची एक गंमत आहे. फडके हौद, नाना हौद, काळा हौद, साततोटी... या खुणा लोक आजही सर्रास सांगतात, पण तिथे घागर घेऊन कुणी जात नाही. साततोटी म्हणजे सात तोट्या. कधीकाळी तिथे हंडे-कळश्यांची रांग लागत असणार आणि रांगेत वादही होत असणार (शेवटी पुणंच ते!). पाणी भरणं संपलं, नाव राहिलं. एखाद्या शहराने पाण्याचे उपकार लक्षात ठेवायची ही साधी पद्धत मला फार आवडते. म्हणून या विकांताला थोडं या हौदांविषयी.

हौदांमधलं पाणी यायचं कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला आंबील ओढ्याचं पाणी बांध घालून अडवलं गेलं. तिथून जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणला. अंतर आठ-दहा किलोमीटर. नळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाइप येतो, पण हा नळ म्हणजे माणूस आत शिरून चालू शकेल असं भुयार होतं. ठरावीक अंतरावर वर उघडणारे उच्छ्वास ठेवले होते. कोंडलेली हवा तिथून बाहेर पडायची आणि साफसफाईसाठी माणसाला आत उतरताही यायचं. पाण्यातला गाळ वाटेतच खाली बसावा अशी सोयही केलेली होती.

या सगळ्यात पंप नाही, वीज नाही. आहे तो फक्त उतार. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खात सुटतं, कमी झाला तर गाळ साचून वाट बुजते. आता विचार करा, आजची यंत्रं हाताशी नसताना इतक्या लांब तो उतार सांभाळायचा, तोही जमिनीखाली! आमच्या धंद्यात दहा वर्षं चाललेली सिस्टीम म्हणजे पुराणवस्तू. तिला हात लावायला कुणी धजत नाही, कारण लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. इथे तर लिहिणाऱ्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. ज्या पाथरवटांनी ते दगड घडवले, ज्यांनी उच्छ्वासात उतरून गाळ उपसला, त्यांच्या नावाचा चौक कुठेच नाही. त्यांनी पाण्याशी झटापट केली नाही. पाण्याला कुठे जायचंय ते बघितलं आणि त्याला वाट करून दिली. निसर्गाकडून शिकणं म्हणतात ते हेच असावं.

पुढे १८७० च्या दशकात मुठेवर खडकवासल्याचं धरण उभं राहिलं, नळाचं पाणी आलं आणि हौद हळूहळू विस्मरणात गेले. मग आला १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचंही फुटलं आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. पूर ओसरला तेव्हा घरात चिखल आणि नळ कोरडे, अशी अवस्था. त्या दिवसांत शहराला आठवले ते जुने आड आणि हौद. ज्यांनी ते दिवस काढले त्या पिढीतले आजी-आजोबा अजूनही नळ जरासा ठिबकला तरी उठून बंद करतात. आपण त्याला चिक्कूपणा म्हणतो!

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण ती इथेच थांबवली तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल.

पाणी उताराने येतं, ते जात विचारत नाही. माणसं विचारायची. सगळ्यांचे म्हणवले जाणारे पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांना बंद होते. त्यांनी भांडं बुडवायचं नाही, कुणी दया येऊन वरून ओतेल तेवढंच घ्यायचं. म्हणजे ज्या पाण्याला आपण गंगा म्हणून हात जोडत होतो, त्याच्याच काठी तहानेलं माणूस ताटकळत उभं होतं. नमस्कारात काही कमी नव्हतं, पण त्या नमस्काराने कुणाची घागर भरत नव्हती.

१८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या राहत्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. या घटनेचं मोठेपण तिच्या साधेपणात आहे. त्यासाठी त्यांनी कुठल्या सरकारी हुकमाची किंवा ठरावाची वाट पाहिली नाही. स्वतःच्या अंगणातलं पाणी होतं, त्यावरची आडकाठी काढली, बस्स. आणि ही काही एका दिवसाची लहर नव्हती. जोतीरावांना पाण्याचा व्यवहार नीट ठाऊक होता. १८७० च्या दशकात त्यांनी इथल्या धरणाच्या कामाला बांधकामाचं साहित्य पुरवलं होतं. १८७६ पासून काही वर्षं ते पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तर पावसाचं पाणी रानातच मुरावं, माती वाहून जाऊ नये म्हणून ठिकठिकाणी ताली आणि बंधारे घाला असं ते सांगतात. आज आपण ज्याला पाणलोट विकास म्हणतो तेच हे!

एका घरचा हौद उघडायला एक निश्चय पुरला. गावाचं तळं उघडायला किती लागलं? महाडला नगरपालिकेचा ठराव १९२४ मध्ये झाला होता, तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह सत्याग्रह करावा लागला. आणि कोर्टातला शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. एक ओंजळ पाण्यासाठी इतकी वर्षं...

कृतज्ञता या शब्दाचा आजकाल फार गुळगुळीत वापर होतो. सकाळी उठून तीन गोष्टींचे आभार माना, वहीत लिहा वगैरे. वाईट नाही ते. पण आपल्याकडे याहून जुनी रीत आहे, पाणपोईची. वैशाखात रस्त्याच्या कडेला लाल फडकं गुंडाळलेले रांजण मांडायचे आणि येईल त्याला पाणी द्यायचं. आपल्याला मिळालं, ते पुढे सोडायचं. अर्थात त्या रांजणातल्या पाण्याचीही परीक्षा तीच, की "येईल त्याला" यात खरोखर कोण कोण बसतं.

आज पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशा चार धरणांचं पाणी मिळतं. तरी उन्हाळ्यात शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये टँकरची वाट बघत ड्रम उभे असतात. कुठे गाडी धुतली जाते, कुठे दोन हंड्यांवर घर चालतं. पाणी अजूनही उतारानेच वाहतं. मधले अडसर आपले आहेत.

असो. फुलेवाडा आज राष्ट्रीय स्मारक आहे, तो हौद तिथे बघायला मिळतो. पुण्यात असाल तर एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जरूर जा. हौद दाखवा आणि तो कुणासाठी उघडला होता, तेही सांगा.