आंग्र्यांचे आरमार व गृहकलह

शिडांच्या युगात समुद्रयुद्धाचा खरा सेनापती वारा होता. युरोपीय जहाजांच्या तोफा बहुतांशी दोन्ही कुशींस असत. वारा पडला की ती जहाजे जागीच खिळत. अशा वेळी कोकणकिनाऱ्यावरील आंग्र्यांची गलबते वल्ह्यांवर चालत, गुराबांस दोरांनी ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीवर, जेथे तोफा थोड्या तेथे, मारा करीत. या युक्तीच्या व जलदुर्गांच्या बळावर कान्होजी आंग्र्यांनी इ. स. १७१८ मध्ये खांदेरीवरील इंग्रजांचा आणि १७२१ मध्ये कुलाब्यावरील इंग्रज-पोर्तुगीजांचा संयुक्त हल्ला परतविला.

कान्होजी व पेशवे हे दोघेही धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचे भक्त. परंतु १७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. पुढे त्यांच्या पुत्रांत कलह माजला आणि तुळाजींचे पेशव्यांशी वैर जडले. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून वॉटसनचे आरमार व जमिनीवरून पेशव्यांची फौज अशी विजयदुर्गाची कोंडी झाली. बंदरात एकमेकांस जखडलेल्या जहाजांपैकी एकाने पेट घेतला आणि सारे आरमार भस्म झाले. दुर्गात मात्र इंग्रजच प्रथम शिरले.

चपळाई हेच ज्याचे बळ, ते आरमार जागच्या जागी जळाले. परक्यांच्या तोफांनी जे पस्तीस वर्षांपूर्वी साधले नाही, ते स्वकीयांच्या द्वेषाने साधून दिले. एका गुरुचरणी नमणाऱ्यांनी हे विसरू नये.