काम करतां करतां मिळविलेली पदवी

समुपदेशन व मानसोपचार या विषयांची पदवी नोकरी सांभाळून, अर्धवेळ अभ्यासानेंही मिळवितां येते. ती पुरी होण्यास ज्या अटी असतात, त्या वरवर पाहतां कचेरींतील नोंदींसारख्या रुक्ष वाटतात: वर्गांतील हजेरी, निबंध, परीक्षा, ठराविक तास माणसांशीं प्रत्यक्ष काम, त्या कामावर अनुभवी व्यक्तीची देखरेख आणि बहुधा स्वतःच्या मनाचेंही परीक्षण. ब्रिटनमधील समुपदेशकांची प्रमुख संस्था तर अशा देखरेखीखालील कामाचे निदान १०० तास असल्याखेरीज अभ्यासक्रमास मान्यता देत नाहीं. दुःखिताचें ऐकून घेण्यास इतक्या अटी कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर डहाणू-तलासरीच्या इतिहासांत फार स्पष्ट सांपडतें.

१९४५ हें साल या प्रदेशांत दोन कारणांनीं संस्मरणीय ठरलें. मे महिन्यांत, आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी या गांवीं वारल्यांची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वेठबिगार आणि लग्नगड्याची चाल नाकारण्याचा निर्धार तेथें झाला. लग्नासाठीं सावकाराचें कर्ज काढावें आणि तें फिटावें म्हणून नवरा-बायकोनें त्याच्याच घरीं-शेतीं राबत राहावें, अशी ती चाल होती. त्याच वर्षाच्या अखेरीस डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें.

ताराबाई १९१४ सालच्या पदवीधर. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनीं बालशिक्षणाचें काम केलें होतें, आणि १९२६ सालीं स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या प्रमुख आधारस्तंभ होत्या. विद्या आणि अनुभव यांची त्यांच्यापाशीं वाण नव्हती. तरीही वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात. तेव्हां बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणांत नेण्यांत आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ आहे. त्यामागील कल्पना या परिसरांत अशी आकारास आली.

१९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें आदिवासी मुलांच्या अडचणी निराळ्या होत्या. कोणाच्या कडेवर धाकटें भावंड, तर कोणाच्या मागें गुरें. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदूं लागलीं, आणि गुराख्यांसाठीं शिक्षक कुरणांत जाऊं लागला, तीच कुरणशाळा. मूल आळशी आहे असा निकाल देऊन मोकळें होणें सोपें होतें. त्याऐवजीं तें कां येत नाहीं याचा शोध घेण्यांत आला. समुपदेशन हें नांव या कामास कोणीं दिलें नव्हतें. परंतु निदानापूर्वीं ऐकून घ्यावें, हें त्या विद्येचें पहिलें सूत्र येथें आचरणांत होतें.

या कार्यांत ताराबाईंच्या सोबतीस आलेल्या अनुताई वाघ यांचा विद्यार्थिदशेचा काळ तर फारच बोधप्रद आहे. १९१० सालीं जन्म, तेराव्या वर्षीं विवाह, आणि कांहीं महिन्यांतच वैधव्य. पुण्यास अध्यापिकेचें शिक्षण घेऊन त्या शिकवूं लागल्या. दिवसा शाळेंत शिकवून आणि रात्रीच्या शाळेंत शिकून त्या १९३७ सालीं मॅट्रिक झाल्या. १९४५ सालीं बोरिवलीच्या एका शिबिरांत ताराबाईंची भेट झाली आणि त्या बोर्डीस आल्या. पदवी मात्र त्यांनीं १९६१ सालीं, वयाच्या ५१व्या वर्षीं घेतली. तोंवर या मुलांत सोळा वर्षें गेलीं होतीं.

यावरून पदवी निरुपयोगी आहे, असा अर्थ कोणी काढूं नये. अनुताईंना ती तशी वाटती, तर त्या वयांत त्यांनीं परीक्षेची दगदग पत्करलीच नसती. तसेंच नुसता अनुभव पुरेसा असतो, असेंही नव्हे. अनुताईंच्या कामावर ताराबाईंची नजर होती, आणि ताराबाईंच्या मागें गिजुभाईंचा सहवास होता. चुकीची पद्धत वर्षानुवर्षें गिरविणें यालाही अनुभवच म्हणतात; तिला वेळींच अटकाव करणारा वडीलधारा सहकारी हवा. देखरेखीची अट याचसाठीं असते.

डहाणू वा तलासरींतील एखादी शिक्षिका किंवा परिचारिका आज समुपदेशनाची पदवी घेऊं इच्छिते, तेव्हां हा इतिहास तिच्या उपयोगीं पडावा. मुंबई तिच्या गांवापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. केवळ तेथील वर्गांतल्या हजेरीवर तिची पात्रता मोजूं लागलें, तर वारली बोली समजणारी माणसेंच या विद्येपासून दूर राहतील. अटी सैल करण्याचें कारण नाहीं. प्रत्यक्ष कामाचे तास तिच्याच पाड्यावर मोजले जावे आणि देखरेख करणारानें तेथवर यावें, एवढेंच. मुलें शाळेंत येत नव्हतीं, तेव्हां शाळा अंगणांत गेली. विद्यापीठांनाही तो मार्ग मोकळा आहे.