पैठण

पैठण (प्राचीन प्रतिष्ठान) : छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील तालुक्याचे शहर. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दक्षिणेस सुमारे 50 किमी. अंतरावर, गोदावरीच्या डाव्या म्हणजे उत्तर तीरावर वसलेले. महाराष्ट्राला हे गाव एकनाथमहाराजांचे आणि पैठणीचे म्हणून परिचित आहे. पण सोळाव्या शतकात नाथ इथे जन्मले तेव्हाच पैठणचे वय दीड हजार वर्षांपेक्षा जास्त झाले होते. प्रस्तुत नोंद त्या आधीच्या पैठणविषयी आहे.

ब्रह्मगिरीत उगम पावलेली गोदावरी प्रवरेचे पाणी घेऊन इथे येते. भोवतालचा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, वर काळी कसदार जमीन. पाऊस मात्र बेभरवशाचा. जुन्या काळी पावसाळ्यात पात्र दुथडी भरून वाही आणि उन्हाळ्यात आटून वाळवंट उघडे पडे. अशा नदीतून बारमाही जलवाहतूक होणे शक्य नव्हते. म्हणून पैठणला नदीबंदर समजणे चुकीचे ठरेल. नदीने गावाला पाणी, गाळ आणि तीर्थाचे माहात्म्य दिले. वैभव दिले ते खुष्कीच्या वाटांनी. एक वाट आग्नेयेस तेरकडे, एक पितळखोऱ्याजवळून डोंगर उतरून खानदेशात व पुढे माहिष्मती-उज्जयिनीकडे, तर एक जुन्नर आणि नाणेघाटामार्गे कल्याण-सोपाऱ्याकडे जाई.

आजचे पात्र पाहून प्राचीन नदीची कल्पना येत नाही. शहराच्या लगेच वरच्या बाजूस सुमारे 10 किमी. लांबीचे, 27 दरवाजांचे जायकवाडी धरण आहे. 1965 मध्ये त्याची पायाभरणी झाली व 1976 मध्ये लोकार्पण. धरणाच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा प्रवरासंगमापर्यंत पोचतो. धरणाखालच्या नदीला पाणी किती, हे आता दरवाजे ठरवतात.

प्रतिष्ठानचा एक जुना उल्लेख ‘सुत्तनिपात’ या पाली ग्रंथात आहे. गोदाकाठी राहणाऱ्या बावरीचे शिष्य बुद्धांच्या भेटीला उत्तरेकडे निघाले, त्यांच्या वाटेवर प्रतिष्ठान, मग माहिष्मती, मग उज्जयिनी असा क्रम येतो. या प्रास्ताविक गाथा मूळ भागापेक्षा उत्तरकालीन मानल्या जातात. तरी व्यापारी वाटेचा हा क्रम भूगोलाशी नेमका जुळतो. पुराणांतील पुरूरव्याची राजधानी प्रतिष्ठान मात्र प्रयागच्या संगमाजवळची. ती पैठणच्या नावावर घालण्याचा मोह टाळलेला बरा.

सातवाहनांच्या काळात शहर भरभराटीस आले. इथल्या दात्यांची नावे पितळखोऱ्याच्या लेण्यातील स्तंभांवर कोरलेली आहेत. त्यांतला मितदेव गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातला. पैठणच्या बाजारातला एक माणूस नावानिशी आपल्यापर्यंत पोचला, हे राजांच्या वंशावळीइतकेच मोलाचे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेनुसार पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर होते, आणि तेर तिथून पूर्वेस आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात. दुसऱ्या शतकातील टॉलेमीने हे नगर ज्या राजाची राजधानी म्हणून नोंदले, तो वासिष्ठीपुत्र पुळुमावी असे मानतात.

शालिवाहनाने मातीचे सैनिक जिवंत करून विक्रमाला हरवले, ही कथा पैठणशी जोडलेली आहे. इ. स. 78 पासूनची कालगणना आरंभीच्या लेखांत शक राजांची म्हणून येते. शालिवाहनाचे नाव तिला कित्येक शतकांनी चिकटले. कथा इतिहास नव्हे, पण सातवाहनांची आठवण लोकांनी किती जपली याची ती साक्ष आहे.

जुन्या वस्तीची पांढरी शहराखाली आणि लगतच्या टेकाडांत पसरली आहे. ‘पालथी नगरी’ म्हणतात ती हीच. तिथे मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती मिळाल्या आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस नागघाटाजवळ झालेल्या भारतीय-ब्रिटिश संयुक्त उत्खननात विटांच्या प्राचीन हिंदू मंदिरांचे अवशेष निघाले. सातवाहनांनंतर पैठण ओस पडले नाही, हे त्यांवरून दिसते. अशा शहराचे उत्खनन इतके थोडे व्हावे ही खेदाची गोष्ट आहे. पांढरीवर आजही घरे उभी असल्याने ते सोपेही नाही.

राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके 716 (इ. स. 794) चा आणि यादव राजा रामचंद्राचा शके 1193 चा, असे दोन ताम्रपट पैठणला सापडले आहेत. यादवांची राजधानी देवगिरी होती. पैठणचा अधिकार तेव्हा धर्मशास्त्राचा होता: निवृत्ती-ज्ञानदेवादी भावंडे शुद्धिपत्रासाठी इथल्या ब्रह्मसभेपुढे आली, ही परंपरा त्याच अधिकारावर आधारलेली आहे.