वातानुकूलन, जुन्या मोटारीतील : असमान गारवा
एका व्हेंटमधून गार आणि शेजारच्यातून कोमट हवा आली की सोलापुरात दोष उन्हाळ्यावर जातो. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांपलीकडे चढतो हे खरे. पण उन्हाने सगळ्याच व्हेंटचा गारवा उतरेल, एकाचाच नव्हे. म्हणून आधी प्रत्येक व्हेंट थर्मामीटरने मोजावे, मग गेजने दाब पाहावा. आर-134ए गॅस कमी असल्यास कूलिंग कॉइलचा बराचसा भाग कोमटच राहतो. गॅस भरताच फरक मिटतो, मग एवढी तपासणी कशाला, हा आक्षेप टिकत नाही : गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, कमी झाला म्हणजे गळती आलीच. दाब योग्य असेल, तर गरम-थंड हवा मिसळणाऱ्या झडपेवर संशय घ्यावा. डावी-उजवी नियंत्रणे वेगळी असलेल्या गाडीत तर विशेषच.