पोहायला शिकवणे आणि बुडवणे : धारवाडच्या शाळांची गोष्ट

मुलाला कोणत्या भाषेतून शिकवावे हा वाद आम्हा गोवेकरांना नवा नाही. १९९० साली प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान फक्त प्रादेशिक भाषांना द्यायचे ठरले, २०११ साली ते इंग्रजी माध्यमालाही मिळू लागले, आणि दोन्ही वेळा गोवा ढवळून निघाला. पण आपल्या शेजारी, घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या धारवाडात हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. आणि तिथे मुलांवर येऊन पडलेली भाषा इंग्रजी नव्हती. ती होती मराठी!

१८१८ साली पेशवाई संपली आणि हुबळी-धारवाडचा मुलूख पुढे मुंबई इलाख्यात गेला. इंग्रजांनी या कानडी मुलखाला नाव दिले ‘सदर्न मराठा कंट्री’. आपली मुरगावची जुनी रेल्वे १८८८ च्या सुमारास घाटावर ज्या रेल्वेला जाऊन मिळाली, तीही ‘सदर्न मराठा रेल्वे’च, आणि तिची मुख्य कचेरी धारवाडला. नाव असे पडायचे कारण उघड आहे. दप्तर मराठीत, लिपी मोडी, कारकून मराठी जाणणारे. शाळा निघाल्या तेव्हा मास्तरही त्याच वर्गातून आले आणि पुस्तकेही मराठीच आली. कानडी मुलाला मराठीतून शिकवावे असा काही थोर विचार यामागे कुणी केला होता असे नाही. जे हाताशी होते ते दिले, इतकेच.

आता त्या मुलाच्या जागी बसून पाहा. घरी कानडी, शेतात कानडी, देवळात कानडी वचने नाहीतर दासांची पदे. मराठी त्याच्या कानावर पडणार ती फक्त वसुलीच्या वेळी! अशा मुलाला पाटीवर पहिले अक्षर मराठीचे. तो शाळेत टिकला नाही तर नवल ते काय?

हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांत वॉल्टर इलियट हा इंग्रज अधिकारी होता. कित्तूरच्या १८२४ च्या बंडात तो कैदेत सापडला होता. तरीही त्याने या मुलखाची भाषा शिकून घेतली, कानडी शिलालेख जमवले आणि कानडी शाळांचा पाठपुरावा केला. पुढे शिक्षण खात्यातले रसेल साहेब आणि ‘डेप्युटी’ चन्नबसप्पा यांनी ते काम नेटाने चालवले. चन्नबसप्पा शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर. लोक त्यांना हुद्द्यानेच ओळखू लागले. कानडी शाळा, कानडी मास्तर आणि कानडी पुस्तके या तिन्हींसाठी ते झटले. पुस्तके हवीत म्हणून त्यांनी शेक्सपिअरचे नाटकही कानडीत आणले. १८९० साली रा. ह. देशपांडे यांनी धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ काढला, तो या खटपटीच्या पायावर.

हे सारे मराठीच्या द्वेषातून झाले असे कुणाला वाटेल तर तसे नाही. याच चळवळीतले आलूर व्यंकटराव यांनी टिळकांचे ‘गीतारहस्य’ कानडीत नेले. भांडण मराठीशी नव्हते. मुलाची पहिली पायरी कानडी असावी, एवढेच मागणे होते.

आता नाण्याची दुसरी बाजू. १८९६ साली धारवाडात एका मराठी बोलणाऱ्या घरात दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे जन्मले. घरी मराठी, दाराबाहेर कानडी. ते कानडीतले महाकवी झाले आणि मराठीतही लिहीत राहिले. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार ‘काजळमाया’ला जाहीर झाला. तिचे लेखक जी. ए. कुलकर्णी त्याच धारवाडात कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि मराठीत कथा लिहीत होते. (जी.एं.नी तो पुरस्कार पुढे परत केला, ती गोष्ट वेगळी.) आणि त्याच १९७३ साली म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले!

मग एकाच मुलखात परभाषा एका मुलाला ओझे का झाली आणि दुसऱ्याला पंख का? माझ्या मते उत्तर शाळेत नाही, कानात आहे. बेंद्रे यांच्या कानात कानडी गल्लीतून आलेली होती, आणि घरची मराठी कुणी हिरावून घेतली नव्हती. खेड्यातल्या त्या कानडी मुलाच्या कानात मराठी नव्हतीच, आणि त्याच्या कानडीला शाळेत जागा नव्हती.

कॅनडात मॉन्ट्रियलजवळ सेंट लँबर्ट इथे १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी मागणी करून आपल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात केली. तो प्रयोग जगभर गाजला. पण तिथे मुलांची इंग्रजी सुरक्षित होती आणि मास्तरांना फ्रेंच उत्तम येत होते. त्याला म्हणायचे पोहायला शिकवणे. हात धरणारा कुणी नसताना पाण्यात लोटणे म्हणजे बुडवणे. पाणी दोन्हीकडे सारखेच!

आपल्याकडे मुक्तीनंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. घरी कोंकणी बोलणारी आमची पिढी तिथे मराठीतून शिकली, आणि आम्हाला ती भाषा परकी वाटली नाही. कारण भजन, कीर्तन आणि जत्रेतले नाटक यांनी शाळेच्या आधीच कान तयार केले होते. मात्र त्या शाळेत घरच्या कोंकणीला कितपत मान होता, हेही आपणच आपल्याला विचारायला हवे.

कर्नाटकात २०१९ साली सुमारे १,००० सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू झाले. कन्नड लेखकांनी त्याला विरोध केला, तर गरीब पालकांना ते हवे होते. पालकांचे चुकते असे मी म्हणणार नाही. इंग्रजीत नोकरी आहे हे त्यांना दिसते, जशी एकेकाळी धारवाडात ती मराठीत दिसत होती.

म्हणून इंग्रजीच्या नावाने गळा काढताना आपण मराठी माणसांनी धारवाड आठवावे. आज जे आपल्याला सोसावे लागते आहे, ते आपल्या भाषेमुळे एकदा दुसऱ्यांनी सोसले आहे. त्यांनी मराठीला शिव्या देण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी मास्तर घडवले, पुस्तके लिहिली, शाळा काढल्या. आपल्याकडे आज यातले किती चालू आहे?